एनगार्डचा खटला: ऐकायचंच नव्हतं तर विचारलं कशाला?

खिडकीतला कावळा

आधीच सांगतो, खाली सगळं फोडलंय. 'जस्टिस फॉर ऑल' खेळायचा बाकी असेल तर इथूनच माघारी फिरा.

फिनिक्स राइट या वकिलाच्या पहिल्या तीन व्हिडिओ गेमांचा संच 2019 मध्ये पीसीवर आला तेव्हाच घेतला होता, पण त्यातल्या दुसऱ्या गेमचं, म्हणजे 'जस्टिस फॉर ऑल'चं, शेवटचं प्रकरण, 'फेअरवेल, माय टर्नअबाउट', काल रात्री पावणेदोनला संपलं. तेव्हापासून डोक्यात भुंगा.

खेळून बरीच वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी थोडक्यात: हुआन कोरिडा हा टीव्हीवरचा नट हॉटेलातल्या खोलीत मेलेला सापडतो. गळा आवळलेला, वर छातीत सुरी. आळ येतो त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर, मॅट एनगार्डवर. इकडे फिनिक्सच्या मदतनीस मायाला शेली डी किलर नावाचा सुपारीवाला पळवतो. अट एकच, एनगार्ड सुटला पाहिजे. फिनिक्स एनगार्डला तोंडावर विचारतो, तू मारलंस का? तो म्हणतो, मी कुणालाही मारलं नाही. समोरचा काही लपवत असला की फिनिक्सजवळचा मागाटामा हा जादूचा खडा त्याच्याभोवती साखळ्या-कुलुपं दाखवतो, पण इथे एकही कुलूप नाही. म्हणून आपण त्याच्यासाठी जीव तोडून भांडतो. आणि मग एक दिवस कोठडीत तो कपाळावरचे केस मागे सारतो, डोळ्यावरचे व्रण दिसतात, आवाजच बदलतो. सुपारी त्यानेच दिलेली असते.

इथवर मी लोटांगण घालायला तयार आहे. पण शेवटी पडद्यावर दोन पर्याय येतात: दोषी की निर्दोष. एकीकडे मायाचा जीव, दुसरीकडे खुनी मोकळा. मी दहा मिनिटं नुसता बसून होतो. शेवटी 'दोषी' दाबलं. लगेच दार उघडून फ्रांझिस्का ही सरकारी वकील पुरावे घेऊन हजर! मागच्या सेव्हवर जाऊन 'निर्दोष' दाबलं. तरी तीच फ्रांझिस्का, तेच दार.

जेवायला काय करू म्हणून विचारायचं आणि पिठलंच वाढायचं, त्यातला प्रकार.

सातबारा

साफ असहमत. ती दहा मिनिटं हाच त्या बटणाचा परिणाम. दोन वेगळे शेवट ठेवले असते तर तुम्ही दोन्ही बघितले असते, 'माया वाचते तो खरा' असं ठरवून झोपला असता. आता दुसऱ्या दिवशी धागा काढून बसलाय.

आणि गेममध्ये परिणाम नाहीत असं कोण म्हणतं? त्यानंतरच्या शेवटच्या पुराव्यात चुकून बघा. एनगार्ड सुटतो, फिनिक्स कोर्टातून निघून जातो, बस. मी 2007 साली निन्टेंडो डीएसवर पहिल्यांदा खेळताना तिथेच आपटलो होतो. दोन दिवस हात लावला नाही.

खिडकीतला कावळा

म्हणजे पुरावा ओळखायला चुकलं की शिक्षा आणि माणसाच्या जिवाचा निर्णय घेतला तर काहीच नाही. गेमला माझं डोकं हवंय, काळीज नकोय. मग काळजाला हात घातला कशाला?

अर्धा चहा

तुम्ही शेवटावरून भांडताय. माझ्या मते दगाफटका पहिल्याच भेटीत झालाय.

'मी कुणालाही मारलं नाही' हे सरळसरळ नरो वा कुंजरो वा आहे. ते चालेल, रहस्यकथेत असं बोलणारा हवाच. पण मागाटामा खोटं पकडत नाही, लपवलेलं पकडतो, हे गेमनेच शिकवलं. सुपारी देणं ही लपवलेली गोष्ट नव्हती? युधिष्ठिराचा रथ निदान जमिनीला तरी टेकला होता. हा मागाटामा ढिम्म!

सातबारा

प्रश्न काय होता ते बघा ना. 'तू मारलंस का?' त्या प्रश्नापुरतं त्याने काहीच लपवलं नाही. 'मारवलंस का?' असं विचारलं असतं तर साखळ्या खडखडल्या असत्या. फिनिक्सला विचारायचं सुचलं नाही, आपल्यालाही नाही. गेम हरला नाही, आपण हरलो.

अर्धा चहा

म्हणजे शक्ती दैवी आणि तिचं डोकं तलाठ्याचं. अर्जात लिहिलं तेवढंच बघणार.

काळा कोट

जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यामुळे हे प्रकरण खेळताना फार त्रास झाला. (इतर प्रकरणांत हसू येतं. एका साक्षीदार पोपटाची उलटतपासणी पहिल्या गेममध्ये झालीच आहे.)

कावळ्यांचं दुःख समजतं, पण मला ते बटण मुळातच चुकीच्या हातात दिल्यासारखं वाटलं. गुन्हा कबूल करायचा की नाही हे आरोपी ठरवतो. वकिलाला मनातून काहीही वाटो, अशिलाच्या डोक्यावरून तो 'दोषी' म्हणू शकत नाही. आणि नीट आठवा, शेवट काय होतो? खून होताना एनगार्डने चोरून चित्रीकरण करवून ठेवलं होतं, पुढे डी किलरलाच दाबात ठेवायला. हे कळल्यावर डी किलर व्यवहार मोडतो, मायाला सोडतो आणि सुटलास तर तुझ्या मागावर येतो म्हणतो. मग 'मी दोषी' असं कोण किंचाळतं? एनगार्ड स्वतः. ज्याचं बटण त्यानेच दाबलं. फिनिक्सचं उत्तर वाया जातं ते मला म्हणूनच बरोबर वाटतं.

बरं, अशील आपल्याजवळ जे बोलतो ते गुप्त ठेवायचं बंधन आपल्याकडेही आहे. जुन्या पुरावा कायद्यात कलम 126 होतं, 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 132. पण बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी केलेल्या बोलण्याला ते संरक्षण नाही. झालेल्या खुनाची कबुली पोटात ठेवावी लागेल. चालू असलेल्या अपहरणाचं तसं नाही. मी असते तर त्या फटीतून शिरले असते. अर्थात बाहेर माझी माणूस ओलीस असताना कलमं आठवली असती का, देव जाणे.

सातबारा

काळा कोट, +१. जाता जाता, हा गेम जपानी आहे. जपानमध्ये खटला उभा राहिला की दोषी ठरण्याचं प्रमाण 99 टक्क्यांच्या वर आहे, आणि सामान्य नागरिकांना न्यायाधीशांबरोबर बसवायची पद्धत 2009 मध्ये आली. हा गेम 2002 चा. वकिलाने टेबलावर हात आपटला की अशील सुटतो, हे गेमचे लेखक शू ताकुमींनी कुठल्या कोर्टांकडे बघत लिहिलं असेल ते लक्षात घ्या. आणि याच प्रकरणात पहिल्यांदा अशील सुटू नये असं आपल्याला वाटतं.

निळी छत्री

एवढं सगळं वाचलं. अ‍ॅड्रियन अँड्रूजचं नाव एकाने तरी घ्यायचं.

ती एनगार्डची मॅनेजर. जिच्या आधाराने ती उभी होती त्या सेलेस्टने आत्महत्या केली, त्याला कारण हे दोन नट. अ‍ॅड्रियनने कोरिडाचं प्रेत बघितलं, हे एनगार्डचंच काम असणार असं धरलं आणि त्याला अडकवायला सुरी खुपसली. चूक केली, पण खून केला नाही. शेवटच्या दिवशी हे फिनिक्सला माहीत असतं. तुम्हालाही. तरी वेळ काढायला, पोलीस मायापर्यंत पोचावेत म्हणून, तो तिच्याकडे बोट दाखवतो. म्हणजे तुम्ही दाखवता. तिचं जुनं दुखणं भर कोर्टात चव्हाट्यावर येतं, ती पिंजऱ्यात कोसळायच्या बेतात असते, आणि आपण पुढचं वाक्य यावं म्हणून बटण दाबत राहतो.

तिथे पडद्यावर दोन पर्याय आले नाहीत म्हणून कुणाला ती निवड वाटली नाही. मी तिथे गेम बंद केला होता. आठवड्याने परत उघडला, आणि दाबलंच.

अर्धा चहा

हे खरंय. आणि ती वाचते कशाने? डी किलर वायरलेसवरून साक्ष देतो, सुपारी अ‍ॅड्रियनने दिली म्हणतो, आणि बोलताना तिला पुरुष समजतो. अशिलाला भेटल्याशिवाय काम घेत नाही म्हणणारा माणूस! मराठीत भाषांतर करायला घेतलं तर मजा आहे. इंग्रजीत एका सर्वनामावर लक्ष ठेवावं लागतं, आपल्याकडे 'आला, म्हणाला, गेला' असं प्रत्येक क्रियापद त्याची चुगली करेल. तिसऱ्या वाक्याला पकडला जाईल.

सातबारा

निळी छत्री, पण समोर फिर्यादी बाजूला एजवर्थ आहे म्हणून ते सहन होतं. फिर्यादी आणि बचाव दोघं मिळून खटला लांबवतात, आणि दोघांनाही ठाऊक असतं की तिला खरोखर फासावर जाऊ द्यायचं नाही.

निळी छत्री

त्या दोघांना ठाऊक असतं. तिला कुठे असतं?

खिडकीतला कावळा

कालपासून तीनदा प्रतिसाद लिहून खोडला. निळी छत्री, मी तिथे बटण दाबलं तेव्हा एक सेकंदही थांबलो नव्हतो, हे आत्ता आठवून बघितलं. उलट 'आता सापडली' असं म्हणालो होतो. मोठ्याने.

तरी ते शेवटचं बटण मला खोटंच वाटतं, काळा कोट कितीही पटवोत. हे माझं शेवटचं पोस्ट.

ता. क. धाकटी बहीण परवापासून माझ्याच कॉम्प्युटरवर खेळतेय, पहिली सुनावणी चालू आहे. काल जेवताना म्हणाली, 'दादा, तो एनगार्ड किती भोळा आहे रे, बिचारा.' मी भाताचा घास तोंडात कोंबला.