दुसरीतली शाब्दिक उदाहरणं: "जास्त" दिसलं की बेरीजच करतो

कोपरखैरण्याची आई:
मुलगा दुसरीत आहे, 28 + 35 हातच्याची बेरीज पटकन करतो पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते. काल "मीराकडे 12 पेरू, समीरकडे 7, मीराकडे किती जास्त?" याचं उत्तर 19. क्लासमध्ये सांगितलंय एकूण, जास्त म्हणजे बेरीज आणि उरले, कमी म्हणजे वजाबाकी, मीही तेच घोकून घेतलं. रोज रडारड होते हो, बघवत नाही. काय करू?

ठाण्यातली बाई:
ताई, आधी ते शब्द पकडणं सोडवा. मी पहिली-दुसरीला शिकवते, तिथेच सगळी मुलं फसतात. "डब्यात काही लाडू होते, आईने अजून 5 घातले, आता 13 झाले, आधी किती होते?" यात "अजून" आहे, "घातले" आहे आणि करायची वजाबाकी!
अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्पेंटर आणि फेनेमा यांनी 1980 च्या दशकात यावर काम केलं, त्यांच्या मांडणीत बेरीज-वजाबाकीच्या शाब्दिक उदाहरणांचे 11 प्रकार आहेत. मिळवणं, काढणं, दोन भाग मिळून पूर्ण, आणि तुलना, हे चार गट. मिळवणं-काढणं यात शेवटी किती ते विचारलं की सोपं, मध्ये किती घातले-काढले विचारलं की जरा अवघड, आणि आधी किती होते विचारलं की सगळ्यात अवघड, कारण मूल गोष्ट जशी घडली तशी करून बघतं आणि इथे हातात सुरुवातच नसते. तुमच्या मुलाचं उदाहरण तुलनेचं आहे, त्यात कोणी काही देत नाही घेत नाही, मग तो करणार काय. चिंचोके द्या, वरच्या ओळीत 12, खाली 7, एकाखाली एक. आकडेमोड नंतर.

नेरूळचा बाबा:
बाईंना अनुमोदन. आम्ही मुलीला वहीत काही लिहायच्या आधी गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये विचारतो, "घणसोलीला आपल्या डब्यातून 5 जण उतरले, आता 8 उरलेत, आधी किती होते?" पहिल्यांदा 3 म्हणाली. मग मी म्हटलं, उतरलेल्यांना परत चढव बघू, आणि मग बोटं मोजत 13 वर आली.

कोपरखैरण्याची आई:
आत्ता चिंचोके मांडले. सात जोड्या लावल्या, उरलेल्या पाचांवर बोट ठेवून म्हणाला, "आई, यांना खाली कोणीच नाही, हेच जास्त." वही उघडलीच नाही आज. उद्या लोकलचं विचारते.