एकटं पिल्लू नको, आणि उष्टं उकळल्याशिवाय नको

दादा, तुम्ही विचारलंत की काणकोणला घरामागं खायपुरतं एकच डुकराचं पिल्लू पाळायचंय, महिन्याभराचं स्वस्तात मिळतंय तर घ्यावं का. माझं ऐकाल तर नको. आईचं दूध नीट सुटलेलं, दोनेक महिन्यांचं घ्या आणि घ्याल तर दोन घ्या, कारण एकटं पिल्लू झुरतं, खातंही कमी, दोघं असली की चढाओढीनं खातात आणि रात्री बिलगून झोपतात. नर असेल तर लहानपणीच खच्ची केलेला बघा नाहीतर पुढं मटणाला उग्र वास येतो.

आता हॉटेलचं उष्टं फुकट मिळेल म्हणालात त्याचं. प्लीज तसंच घालू नका हो! त्यात डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा जरी आला तरी आफ्रिकन स्वाइन फीवर येऊ शकतो, २०२० मध्ये हा रोग आसाम-अरुणाचलमध्ये आला तेव्हा हजारो डुकरं गेली, यावर औषध नाही, माणसाला होत नाही पण गोठा रिकामा करतो. मांसाचं उष्टं नकोच, बाकीचं उकळी आल्यावर अर्धा तास ढवळत शिजवा. साधा (क्लासिकल) स्वाइन फीवर हा वेगळा रोग, त्याची लस असते, ती व्हेटरनरी डॉक्टरांकडून नक्की टोचून घ्या.

जात म्हणाल तर विलायती यॉर्कशायर भरभर वाढतं पण खाद्यही तसंच लागतं, आपलं गोव्याचं गावठी अगोंद गोवन बारकं पण काटक, एका घराला मला तेच बरं वाटतं. आणि डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सावली आणि लोळायला चिखल हवाच.