संथ फेरीबोटीला युरोबीट का शोभतो?

रायबंदरकर: रायबंदर-चोडण मार्गावरची फेरीबोट मांडवीच्या प्रवाहात तिरकी होत, अगदी सावकाश धक्क्याला लागते, अशी एक चित्रफीत आमच्या गटात फिरत आहे. तिच्यावर कोणीतरी ‘इनिशियल डी’ या मोटारशर्यतींवरच्या जपानी अॅनिमेशी (चलच्चित्र मालिकेशी) जोडले गेलेले ‘देजा वू’ हे युरोबीट, म्हणजे वेगवान नाचाच्या संगीताचे, गाणे चढवले आहे. ज्यांनी ती मालिका पाहिलेली नाही तेही हसून बेजार होतात. शर्यतीतले नाचाचे संगीत असे सर्वांचे मीम कसे झाले? आणि आपल्या गोवा ट्रान्स या नाचाच्याच संगीताच्या वाट्याला ते भाग्य का आले नाही?

घाटवळण: याचे मूळ मालिकेच्या मांडणीत आहे. शुइची शिगेनो यांची चित्रकथा १९९५ मध्ये सुरू झाली आणि १९९८ मध्ये तिच्यावर अॅनिमे आले. वडिलांच्या दुकानातला टोफू पहाटे घाटातून पोहोचवणारा ताकुमी, त्याची जुनी टोयोटा एई८६ आणि कपातले पाणी सांडू न देता वळण घेण्याची त्याला लागलेली सवय, एवढ्यावर कथा उभी आहे. शर्यतीला तोंड फुटले की गाणे सुरू होते आणि टायरांच्या किंकाळ्यांवरही मात करते. त्यामुळे हे संगीत कानी पडले की आता गाडी आडवी घसरणार, अशी प्रेक्षकाच्या मनाची तयारी आपोआप होते. मीम करणारा ही तयारी तशीच ठेवतो, फक्त गाडीच्या जागी फरशीवर घसरणारे मांजर किंवा तुमची फेरीबोट आणतो.

सिंथवेडा: वरील विवेचनात संगीताच्या घडणीची भर घालतो. युरोबीट बहुतांशी इटलीत तयार होई, इंग्रजीत गायले जाई आणि जपानमध्ये खपत असे. ‘देजा वू’चे गायक डेव्ह रॉजर्स हेही इटालियनच. या गाण्यांचा वेग साधारणपणे मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या पुढे असतो, सिंथेसायझरची धून आरंभीच अंगावर येते आणि ध्रुवपद एकदा ऐकले तरी तोंडात बसते, म्हणजे दहा सेकंदांच्या चित्रफितीतही पुरता परिणाम साधतो. गोवा ट्रान्स वेगात फारसा मागे नाही, पण तो थर चढवत चढवत मिनिटांमागून मिनिटे वाढतो. गोव्यातल्या हणजुणेच्या किनाऱ्यावर रात्रभर नाचणाऱ्यांना तेच हवे होते. त्यातले दहा सेकंद कापून घेतले, तर हाती नुसता ठेका उरतो.

चोर्लेंकार: केवळ संगीताला श्रेय देणे मला पटत नाही. शेजारच्या दोन लोहमार्गांवर एकदम आडवी घसरणारी आगगाडी हे ‘इनिशियल डी’चे विडंबन करणाऱ्या ‘देन्शा दे डी’ या चित्रकथेतले दृश्य स्थिर चित्र म्हणूनही तितकेच गाजले, आणि चित्राला कसला आला आवाज? खरा विनोद आहे तो नको तिथे आणलेल्या गांभीर्याचा. चोर्ला घाटात खरोखर वेगाने वळणाऱ्या गाडीवर हेच गाणे लावून पाहा, कोणीही हसणार नाही; ती गाडीची जाहिरात वाटेल.

रायबंदरकर: हे पटले. त्या चित्रफितीत सर्वाधिक हशा पिकतो तो नेमका ध्रुवपदाच्या वेळी, कारण तेव्हा बोट जवळजवळ थांबलेली असते आणि दोर हातात घेतलेला खलाशी जांभई देत असतो.