लोंढ्यावरनं जायची ती लाल माती कुठली?

लोंढेकर: आमचं घर लोंढा स्टेशनच्या मागं, लहानपणी लाल खनिज भरलेले मालगाडीचे रेक गोव्याच्या वाटेवरच्या कॅसलरॉककडं जायचे आणि आम्ही डबे मोजत बसायचो. आता बघावं तर उलटं, गोव्याकडनं कोळसा वर येतोय. आजोबा म्हणायचे ते लोखंड संडूरचं, घोरपड्यांच्या मुलखातलं. बळ्ळारीकडं मराठ्यांचं राज्य होतं हे खरं काय? आणि खनिज का थांबलं?

शहापूरकर: आजोबांचं बरोबर हाय. संडूर घोरपड्यांचं संस्थान, अठराव्या शतकापासनं. १९४९ ला मद्रास प्रांतात गेलं, १९५३ ला बळ्ळारीबरोबर म्हैसूर राज्यात आलं. तिथल्या डोंगरातलं कुमारस्वामीचं देऊळ राजांनी १९३२ लाच दलितांना खुलं केलं, केरळातल्या त्रावणकोर संस्थानानं देवळं खुली केली त्याच्या आधी चार वर्षं! हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही. मॅंगनीज आणि लोखंडाची कंपनी १९५४ ला त्याच घराण्यानं काढली, दोणिमलैची सरकारी खाण १९७७ ची.

लॉरीवाले मामा: मी २००५ पासनं होस्पेटला लॉरीवर होतो बाळा. चीनला माल पाहिजे म्हणून भाव असा चढला की रात्रंदिवस लॉऱ्यांची रांग, अंकोल्याचा घाट उतरून बेलेकेरी बंदरापर्यंत, वजनाच्या वर भरलेल्या. पैसा मिळाला, नाही म्हणत नाही, पण रस्त्याकडंच्या मक्याची पानं लाल, मिरची लाल धुळीत, शेतकरी आम्हाला हात जोडून सांगायचे जरा सावकाश जावा वो. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

शहापूरकर: थांबलं कसं ते राहिलंच की. जुलै २०११ ला बेकायदा खाणकामावर लोकायुक्त संतोष हेगडेंचा अहवाल आला आणि दोनच दिवसांनी सुप्रीम कोर्टानं बळ्ळारीतलं खाणकाम बंद केलं. २०१३ ला सगळ्यात जास्त नियम मोडलेले, 'सी' गटातले पट्टे रद्द, बाकीच्यांना किती काढायचं त्याची मर्यादा. खनिज परदेशी पाठवायलाही बंदी होती, ती २०२२ ला उठली. त्याआधी इथलं खनिज इथल्याच कारखान्यांना, म्हणून तुमचे रेक आटले, आणि कोळसा जातोय तो बळ्ळारीजवळच्या तोरणगल्लूच्या स्टील कारखान्याला. आपण हद्दीच्या दगडावरनं पिढ्यान्‌पिढ्या भांडतोय, आणि तिकडं खाणवाल्यांनी कर्नाटक-आंध्रच्या हद्दीच्या खुणाच खणून काढल्या, हद्दीवरचं सुग्गलम्माचं देऊळसुद्धा २००६ ला सुरुंगानं उडवलं. मला हे सगळ्यात जास्त लागतं.

लोंढेकर: देऊळ? बापरे. आईला घेऊन कुमारस्वामीला जायचं म्हणतोय, कधी जावं मामा?

लॉरीवाले मामा: श्रावणात जा. डोंगर हिरवागार असतोय, धूळ बसलेली असती.