मदत हवी आहे: निफ जीन्स (हवेतला नायट्रोजन फिक्स करणारे, म्हणजे वापरता येईल असा बनवणारे जीन्स) चालू दिसतायत, तरी कल्चरमध्ये नायट्रोजन फिक्स का होत नाही?

मंडळी, एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे सायनोरायझोबियम मेलिलोटीवर, लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणारा बॅक्टेरिया. निफएच या निफ जीनच्या प्रमोटरला (जीन चालू करणाऱ्या भागाला) लॅकझी हा रिपोर्टर जीन जोडलेला स्ट्रेन आहे, तो ऑक्सिजन १ टक्क्याच्या आसपास ठेवून वाढवला की ओएनपीजी (लॅकझीच्या एन्झाइमने पिवळं होणारं रसायन) टाकल्यावर छान पिवळा रंग येतो आणि हवेत वाढवलेल्यात जवळपास काहीच नाही. म्हणजे फिक्सएल या प्रोटीनला ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतंय, तो फिक्सजेला फॉस्फेट देतोय, फिक्सजे निफए चालू करतोय आणि निफए पुढे निफएच, इथवर सगळं नीट असं मी धरतोय. पण त्याच कंडिशनमध्ये मूळ स्ट्रेनला ॲसिटिलीन दिलं (नायट्रोजन फिक्स करणारं एन्झाइम नायट्रोजनेज काम करत असेल तर त्याचं इथिलीन होतं) तर जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) इथिलीनचा पीक येतच नाही, सपाट रेघ. आणि हाच स्ट्रेन रोपांना लावला की गाठी मस्त गुलाबी, त्या बाटलीत टाकून ॲसिटिलीन दिलं की लगेच पीक! मग कल्चरमध्ये नेमकं काय कमी पडतंय? नायट्रोजनेजचे बाकीचे जीन्स निफडी, निफके तर निफएचच्याच ओपेरॉनमध्ये (एकत्र चालू होणाऱ्या जीन्सच्या गटात) आहेत. ऑक्सिजन अजून उतरवू का? खरंच अडकलोय.

प्रतिसाद:
ऑक्सिजनच्या मागे लागू नका. नायट्रोजनेजचं प्रोटीन बनणं वेगळं आणि त्यातला आयर्न-मॉलिब्डेनम कोफॅक्टर (एन्झाइमला कामासाठी लागणारा जोड-भाग) बनणं वेगळं. त्या कोफॅक्टरला होमोसायट्रेट हे सेंद्रिय संयुग लागतं, ते बनवणारा निफव्ही जीन क्लेब्सिएला, ॲझोटोबॅक्टर या बॅक्टेरियांकडे आहे, मेलिलोटीकडे नाही, बहुतेक रायझोबियांकडे नाहीच. गाठीत ते झाड पुरवतं. लोटस जॅपोनिकस या शेंगवर्गीय झाडात याचा जीन सापडलाय, फेन१, २००९ चं काम आहे, मिळवून वाचाच. तो बिघडलेल्या झाडाला गाठी येतात पण फिक्सेशन नावापुरतं, आणि बॅक्टेरियात फेन१ किंवा ॲझोटोबॅक्टरचा निफव्ही घातला की परत सुरू. एका जीवाच्या एन्झाइमचा तुकडा दुसऱ्याच जीवाने बनवून द्यायचा, मला तर हे अख्ख्या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं.
कंट्रोल म्हणून ॲझोरायझोबियम कॉलिनोडान्स घ्या, त्याच्याकडे निफव्ही आहे आणि तो झाडाशिवायही कमी ऑक्सिजनला फिक्स करतो. तुमच्याच सेटअपमध्ये त्याचा पीक आला तर प्रश्न कंडिशनचा नाही हे पक्कं.

अरे वा, निफव्हीकडे लक्षच गेलं नव्हतं, खूप आभार! मग मीडियातच होमोसायट्रेट टाकून बघू का?

प्रतिसाद:
बघा, पण ते पेशीच्या आत शिरायला हवं, नाही शिरलं तर निकालाचा अर्थ लागणार नाही. त्यापेक्षा प्लाझमिडवर (बॅक्टेरियात घालता येणाऱ्या छोट्या गोल डीएनएवर) निफव्ही घाला, आणि सोबत रिकाम्या प्लाझमिडचा स्ट्रेनही ठेवा. तरी पीक नाही आला तर वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची चाचणी) करून निफएच, निफडी प्रोटीन खरंच टिकतंय का बघा, लॅकझी फक्त प्रमोटरचं सांगतो.