बॉन्डेजला मराठीत काय म्हणायचं? दास्य तर नकोच, बंधनही जमेना

मंडळी, एका शब्दानं आठवडाभर छळलंय. एका प्रकाशनासाठी मी इंग्रजीतल्या छोट्या शृंगारकथा मराठीत आणतेय, फक्त प्रौढांसाठीच्या, आणि सगळ्यांत सूत्र एकच, दोघांतलं एक जण दुसऱ्याला त्याच्या राजीखुशीनं बांधतं. पहिल्याच पानावर बॉन्डेज आला. डिक्शनरी म्हणते दास्य, गुलामगिरी. आता सासूबाई गावाला गेल्यावर ओढणीनं हात बांधायचा खेळ मांडणारं जोडपं, त्यांना मी 'दास्यात रमले' लिहू? बंधन लिहिलं की डोळ्यासमोर राखीच येते, नाहीतर 'संसाराचं बंधन', म्हणजे रडगाणं. आणि बॉन्डेज तसंच ठेवलं तर डीटीपीवाल्यानं दोनदा बँडेज करून दिलं. 'तिला बँडेजची पहिल्यापासून ओढ होती' असं वाक्य प्रूफात वाचून मी एकटीच खो खो हसत बसले.

तसं डिक्शनरीचं चुकलेलं नाही, ती फक्त जुनी आहे. मूळ शब्दाचा दोरीशी संबंधच नव्हता. जुन्या नॉर्स भाषेत 'बोंदी' म्हणजे घरदार असलेला शेतकरी, इंग्रजी 'हजबंड'मधला शेवटचा तुकडा तोच. पुढं इंग्लंडात तोच शेतकरी जमीनदाराचा अंकित झाला, त्या अवस्थेला बॉन्डेज म्हणायला लागले, मग बंध अर्थाच्या 'बाँड'ची त्यावर सावली पडली आणि विसाव्या शतकात कधीतरी हा शब्द बेडरूममध्ये शिरला. म्हणजे नवरा आणि बॉन्डेज एकाच घरचे, ह्यावर बायकांनी काय बोलायचं ते बोलावं.

संस्कृतात बंध आहे, पण तिथं रतिबंध म्हणजे आसन. 'बंधकथा' म्हटलं तर लोक आसनांचं पुस्तक समजून घेतील आणि शिव्या घालतील.

आता आपल्याकडं दोरीला शब्द काय कमी आहेत काय. कासरा, दावं, वेसण, म्होरकी, सुतळी, सुंभ, चऱ्हाट. बेंदराच्या आधी बाजारात नवीन कासरे-म्होरक्या रंगीबेरंगी लटकलेल्या असतात, बघूनच हात लावावासा वाटतो. पण अडचण तीच, सगळे गोठ्यातले. 'त्यानं कासऱ्यानं तिचे हात बांधले' लिहिलं की शृंगार गेला आणि बैल आला. मुसक्या तर पोलिसांच्या, पेपरात रोज कुणाच्या ना कुणाच्या आवळलेल्या असतात. जेरबंद हा खरं म्हणजे घोड्याच्या साजातला पट्टा, पण आता त्यात फक्त बिबट्या सापडतो. चामड्याची 'वादी' मात्र मला आवडला, चप्पल लाईनला रोज ऐकतो आपण, आणि ह्या कथांत चामडं भरपूर असतं, तिथं बिनधास्त वापरलाय.

कुणी म्हणेल एवढा जीव कशाला काढतेस, चावट गोष्टी तर आहेत. मीही आधी तसंच समजत होते. पण वीस-बावीस कथा केल्यावर कळलं की ह्यात प्रकार किती आहेत. एकीत जपानी पद्धतीची दोरी आहे, शिबारी म्हणजे नुसतं बांधणं आणि किनबाकू म्हणजे घट्ट बांधणं, असे दोन शब्द त्यांच्याकडं आहेत, आणि सगळी कथा सहा मिलिमीटरच्या ज्यूटच्या दोरीचा वास आणि अंगावर उठणारे वळ ह्याभोवती फिरते, संभोग जवळजवळ नाहीच. एकीत पैज आहे, सुटून दाखव, आणि ती बाई सुटते आणि मग त्यालाच बांधते. एक नुसती पत्रांची, काय चालेल काय नाही हेच ठरवतायत, आणि खरं सांगू, सगळ्यात गरम तीच आहे. एक चक्क विनोदी, किल्ली हरवलेली. आणि पळवून नेल्याच्या कथा, त्यातल्या ज्यात तिची इच्छा कुठंच दिसत नाही त्या मी परत पाठवल्या, मला नाही जमत.

लघुकथेलाच हे का मानवतं तर एक खोली, दोन माणसं, एक गाठ, ती सुटली की कथा संपली. आपल्या समीक्षेत कथानकाला गुंतागुंत, निरगाठ, उकल असेच शब्द आहेत, फ्रेंचमध्ये शेवटाला देनूमां म्हणतात तेही गाठ सोडणंच. दिवसभर ऑफिस, गॅस सिलिंडर, आईची औषधं सगळं एकटीनं धरून ठेवणाऱ्या बाईला अर्धा तास काहीच धरायचं नाही, हातच मोकळे नाहीत, ह्यातलं सुख कुणाला सांगून पटायचं नाही, पण कथेत वाचलं की पटतं.

तर माझा प्रस्ताव, सुरगाठ. निरगाठ सुटत नाही, सुरगाठ एका ओढीत सुटते. बांधलेलं तर आहे पण सुटायचं टोक बांधलेल्याच्या हातात. 'सुरगाठीच्या कथा', कसं वाटतंय?

तालमीतला
ताई लई भारी, नाद खुळा. आमच्याकडं मोळी नावाचा डावच आहे, नावातच सगळं आलं. खासबागेच्या कुस्ती मैदानात बघा, दोघं हात मिळवून मगच भिडतात, म्हणून त्याला कुस्ती म्हणायचं, नाहीतर मारामारीच की ती. तुमच्या कथेत तो हात मिळवायचा भाग कुठं आहे तेवढं बघा. बाकी आपल्याला त्यातलं काय कळत नाही, आणि हे घरच्यांना दाखवू नका म्हणजे झालं.

दोरीवाली वाचक
शब्द छान आहे पण एक शंका, सुरगाठ आणि सरफास लोक एकच समजतात. सरफास ओढला की आवळत जातो, मनगटाला किंवा गळ्याला तो कधीच नको. ह्यातले जाणकार बांधतात ती गाठ ताण आला तरी आवळत नाही, खाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवतात आणि बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवतात. दंडावर दोर चुकीच्या जागी बसला तर नस दाबून हात लुळा पडतो. आणि सुटायचं टोक बांधलेल्याच्या हातात सहसा नसतं ताई, त्याच्या हातात असतो तो खेळ थांबवायचा आधीच ठरवलेला शब्द, सेफवर्ड, दोर सोडतो दुसराच. तेव्हा पुस्तकाचं नाव म्हणून सुरगाठ चालेल, आत वर्णनात नको, उद्या कुणीतरी वाचून करायला जाईल.

निवृत्त मास्तर
विषय बघून आधी दचकलो, मग म्हटलं शब्दाचाच प्रश्न आहे. जयदेवाच्या गीतगोविंदात कृष्णच राधेला म्हणतो, खरंच रागावली असशील तर 'घटय भुजबन्धनम्', बाहूंनी बांध मला. अमरुशतकातली नायिका तर चिडून प्रियकराला बाहूंच्या पाशात घट्ट बांधून मैत्रिणींदेखत आत घेऊन जाते आणि तो मार खातानाही हसतो. आपण 'बाहुपाश' एवढा गुळगुळीत केलाय की पाश म्हणजे फास हे विसरलोच. उलट बाजूही सांगतो. वात्स्यायनानं प्रणयातल्या प्रहारांचं वर्णन करून लगेच बजावलंय, आणि उदाहरण दिलंय कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहन राजाचं, 'कर्तरी' नावाच्या प्रहारानं त्याच्या हातून राणी मलयवती गेली. कुंतल म्हणजे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक, आपलाच भाग की हो. दोरीवाल्या बाईंची कात्री त्यानं ऐकायला हवी होती.

मूळ प्रश्नवाली
मास्तर, नमस्कार, हे प्रस्तावनेत घालतेच. आणि दोरीताई तुमचं शंभर टक्के बरोबर, मीच घोळ केला, 'टोक हातात' खोडलं. नाव सुरगाठ, आत साधं 'बांधणं', 'बांधून घेणं'. हे 'बांधून घेणं' आधी का सुचलं नाही कळत नाही, दाढी करून घेतो तसं, स्वतःच्या मर्जीनं दुसऱ्याकडून, सगळी संमती त्या 'घेणं'मध्येच आहे. इंग्रजीत ह्याला पानभर खर्च करतात.

आता एकच राहिलं, सेफवर्ड. परवलीचा शब्द आत सोडायला असतो, मला बाहेर सोडणारा हवाय. सध्या 'सुटकेचा शब्द' लिहिलंय पण सरकारी वाटतंय. आणि कथेतली बाई तो म्हणून कुठला शब्द वापरेल तेही सुचवा, 'नको' आणि 'पुरे' चालणार नाहीत, ते खेळातच येतात. मी 'भडंग' ठेवलाय, त्या वेळी कुणाच्या तोंडात यायचा नाही. डीटीपीवाला विचारतोय मधेच भडंग कुठनं आलं. शुक्रवारी फाईल द्यायचीय, लवकर सांगा.