मदत हवी आहे: डायल्यूशन कितीही वाढवलं तरी प्लेटवर तेवढ्याच कॉलन्या

ओलीमाती (रविवार)
तीनदा केलं, तीनदा तेच. मातीचं सिरियल डायल्यूशन (दर नळीत दहापट पातळ) मायनस ७ पर्यंत, म्हणजे कोटीपट पातळ, नेलं आणि प्रत्येक नळीतलं ०.१ मिली प्लेटवर स्प्रेड केलं. मायनस ४ वर मोजता येणार नाहीत इतक्या कॉलन्या (जिवाणू वाढून झालेले ठिपके), मायनस ५ वर १९०, मायनस ६ वर १५२, मायनस ७ वर १४७. दर वेळी दहापट कमी व्हायला हव्यात ना? शुक्रवारी गाईडना आकडे द्यायचे आहेत. थिअरी येते मला, फक्त चूक कुठे आहे ते सांगा.

परीक्षानळी
माती किती घेतली? मीडियम (जिवाणू वाढवायचं खाद्य) कोणतं? तापमान, तास? कंट्रोल प्लेट (मातीशिवायची, तुलनेसाठी) ठेवली होती का? एवढंही न लिहिता चूक कशी सांगणार?

बन्सन
पिपेटची टिप बदलली नसणार, पैजेवर सांगतो. एकाच टिपने सगळ्या नळ्या केल्या की आतल्या भिंतीला चिकटलेलं पुढच्या नळीत जातं. माझ्या हाताखालच्या दर बॅचमध्ये निदान एक जण हे करतोच.

ओलीमाती
१० ग्रॅम माती ९० मिली सलाईनमध्ये (मिठाच्या पाण्यात), पुढे १ मिली ९ मिलीत. न्यूट्रियंट अगर, २८ अंश, ४८ तास. टिप दर वेळी नवीन. तेवढं कळतं मला.

दशांश
मायनस ४ ची प्लेट टाकून द्या. ३० ते ३०० कॉलन्या असलेलीच प्लेट मोजायची असते.

परीक्षानळी
काही पद्धतींत २५ ते २५० धरतात. पण मोजायची कोणती हा इथे प्रश्नच नाही. आकडे उतरत का नाहीत, हा प्रश्न आहे.

दशांश
२५ ते २५० सगळीकडे लागू होत नाही. आम्ही कायम ३०-३०० वरच काम केलं.

खोलविहीर
मुळात प्लेटिंगमध्ये वेळ का घालवताय? मातीतल्या जिवाणूंपैकी जेमतेम टक्काभर अशा मीडियमवर वाढतात. सरळ डीएनए काढा आणि सिक्वेन्सिंगला द्या.

परीक्षानळी
त्यांना सीएफयू (कॉलनी करू शकणाऱ्या जिवाणूंची संख्या) हवेत, जातींची यादी नकोय. धागा भरकटवू नका. ओलीमाती, कंट्रोलचं अजून सांगितलं नाहीत.

ओलीमाती
नुसती अगरची प्लेट ठेवली होती, ४८ तासांनी स्वच्छ. म्हणजे मीडियम ठीक आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

बन्सन
मग स्प्रेडर (प्लेटवर द्रव पसरवायची दांडी) बघा. अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरला तरी दोन प्लेटांच्या मध्ये टेबलावर टेकवला की संपलं.

जुनीवही
टिप आणि स्प्रेडर दोन्ही जरा बाजूला ठेवा. एकच टिप वापरली असती तर उतार मंदावला असता, दहापटीऐवजी पाच-सहापट झाला असता, पण उतरला असता. इथे आकडा १५० च्या आसपास येऊन थांबलाय. मायनस ७ वर दिसतंय ते मातीतलं नाहीच. प्रत्येक नळीत ते सारख्या प्रमाणात आहे, आणि प्रत्येक नळीत सारखं असतं फक्त सलाईन. ताई, सलाईन निर्जंतुक कसं केलंत? आणि मायनस ७ वरच्या कॉलन्या दिसायला एकसारख्या आहेत का?

ओलीमाती
हो, जवळपास सगळ्या एकाच रूपाच्या. पांढुरक्या, पसरट, कडा वेड्यावाकड्या. मायनस ४ वर मात्र पिवळ्या, केशरी, चकचकीत, सगळ्या तऱ्हेच्या आहेत. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) बंद आहे, मीडियम शेजारच्या लॅबमधून करून आणलं. सलाईनमध्ये नुसतं ०.८५ टक्के मीठ, म्हणून ते अर्धा तास उकळून गार केलं. मेजरिंग सिलिंडरने नळ्यांत भरलं, दोन दिवसांनी वापरलं.

जुनीवही
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! उकळून बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू (त्यांचं टणक, सुप्त रूप) मरत नाहीत, १०० अंशांना ते तग धरतात. त्यासाठी १५ पौंड दाबाखाली १२१ अंश, १५-२० मिनिटं लागतात. वर नुसता धुतलेला सिलिंडर आणि दोन दिवस ठेवलेल्या नळ्या. बीजाणू उरले की सिलिंडरने घातलं, ते इथून सांगता येणार नाही. पण एक चाचणी आजच करा: मातीशिवाय नुसत्या सलाईनचं ०.१ मिली तीन प्लेटांवर पसरवा.

दशांश
तसं असेल तर १४७ वजा करा. मायनस ५ वर ४३ उरतात, मायनस ६ वर ५. पट व्यवस्थित बसते, प्रयोग पुन्हा करायची गरज नाही.

जुनीवही
पट बसते, निदानही पक्कं होतं. पण असे आकडे गाईडना द्यायचे नाहीत. १४७ कॉलन्यांत दहा-बाराचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. मग त्या ५ ला काय अर्थ? प्रयोग पुन्हाच करायला हवा.

मातीचावास
ओल्या मातीचा वास स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंच्या जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो. ते जिवाणू हवे असतील तर स्टार्च केसिन अगर वापरा आणि आठवडाभर थांबा.

खोलविहीर
अगरचा विषय निघालाच आहे तर, ते सुचवलं फॅनी हेसे यांनी, कॉख यांच्या प्रयोगशाळेत, १८८१ च्या सुमारास. त्याआधी वापरायचे ते जिलेटिन ३७ अंशांना वितळायचं. पेट्री डिश त्यानंतर, १८८७ ची.

परीक्षानळी
छान माहिती, वेगळा धागा काढा. ओलीमाती, प्रेशर कुकर १५ पौंडांचा असेल तर सलाईनच्या नळ्या त्यात होतात. बुचं थोडी सैल ठेवा, २० मिनिटं द्या, दाब आपोआप उतरू द्या. आणि नळीतली माती खाली बसायच्या आत १ मिली काढा. दर पायरीला नीट हलवा.

ओलीमाती (मंगळवार)
नुसत्या सलाईनच्या तीन प्लेटा: १३९, १५१, १४४. तीच पसरट पांढरी कॉलनी. तीन आठवडे मी मातीला दोष देत होते. नळ्या कुकरमध्ये केल्या, आज पुन्हा प्लेटिंग केलं. या वेळी सलाईनचा कंट्रोल ठेवलाय.

ओलीमाती (गुरुवार)
सलाईन कंट्रोल: शून्य. मायनस ५ वर ४१, ४६, ३९, सरासरी ४२. मायनस ६ वर ४, ५, ३. म्हणजे ४२ भागिले ०.१, मग पाच शून्यं वर, ग्रॅमला ४.२ कोटी सीएफयू. बरोबर आहे ना?

जुनीवही
गणित बरोबर आहे. पण हे ओल्या मातीच्या ग्रॅमला झालं. त्याच मातीचा थोडा भाग १०५ अंशांवर रात्रभर सुकवून वजन केलं होतं का?

ओलीमाती
हो, ओल्या वजनाच्या १६ टक्के पाणी होतं. हे पण पहिल्यांदा लिहिलं नाही. म्हणजे ४.२ भागिले ०.८४, कोरड्या मातीच्या ग्रॅमला ५ कोटी. तक्त्यात हाच आकडा लिहितेय.